दीड तासाचे अंतर

अंतर मोजण्याची माणसाची रीत काळाप्रमाणे बदलत आली आहे. आपल्या पणजोबांनी ते कोसात मोजले, आजोबांनी मैलात मोजले. १९५६ साली वजनमापांचा नवा कायदा झाला आणि पुढे रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांवर किलोमीटर आले, तरी आपण त्यांना मैलाचे दगडच म्हणत राहिलो. आता किलोमीटरही मागे पडू लागले आहेत. नागपूरहून मुंबई किती लांब, असे कोणाही सुशिक्षित माणसाला विचारून पाहा. तो किलोमीटर सांगणार नाही. "फक्त दीड तास!" असे तो म्हणेल, आणि त्या 'फक्त' या शब्दावर थोडा जोर देईल.

हे उत्तर खोटे नाही. परंतु खरे उत्तर आणि पुरे उत्तर यांत फरक असतो. हा दीड तास कोणाचा, तो कोठून सुरू होतो व कोठे संपतो, आणि तो विकत घेण्यासाठी आधी किती दिवस खर्ची पडतात, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्या उत्तराचा अर्थ लागत नाही. या लेखात मला एवढेच प्रश्न विचारावयाचे आहेत.

प्रथम आकडे पाहू. नागपूरच्या सोनेगाव येथील विमानतळापासून मुंबईच्या सांताक्रूझ-सहार विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे. विमानवाले हे अंतर सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे हे अंतर सुमारे ३७० सागरी मैल झाले. सरळ अंतर म्हणजे सपाट नकाशावर पट्टीने ओढलेली रेघ नव्हे, हे भूगोलाच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. पृथ्वीच्या गोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो ज्या वाटेने बसेल ती सर्वांत जवळची वाट. मुंबईहून न्यूयॉर्कला दोरा ताणला, तर तो नकाशावरच्या सरळ रेघेपेक्षा पुष्कळच उत्तरेकडे सरकतो. नागपूर-मुंबईच्या बाबतीत हा फरक नगण्य आहे.

हेच अंतर रेल्वेने ८३७ किलोमीटर भरते, आणि समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. शहरे तीच, मग अंतरे तीन का? कारण विमानाला सह्याद्री आडवा येत नाही. रेल्वेला मात्र वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड करीत इगतपुरीला पोचावे लागते आणि तेथून थळ घाटाने कसाऱ्याला उतरावे लागते. शिवाय रेल्वेच्या वाटेमागे इतिहास आहे. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि १८६७ साली रूळ नागपूरला भिडले. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. ही आगगाडी ज्या मुलखातून नेली तो कापसाचा मुलूख आहे. आमच्या आजोबा-पणजोबांना मुंबई जवळ यावी ही त्यामागची प्रेरणा नव्हती. कापसाच्या गाठींना मुंबईचे बंदर जवळ यावे, ही होती. गाठी गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग माणसेही गेली.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याला तर मुख्य रूळ लाभलेच नाहीत. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद मापाची 'शकुंतला' गाडी तीही कापसासाठीच टाकली गेली. देश स्वतंत्र झाला तरी तिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत होती. पुढे डिझेलवर आली आणि आता बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या रुंद मार्गापैकी वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. यवतमाळला धावपट्टीही आहे. नियमित प्रवासी विमान मात्र नाही. सांगावयाचा मुद्दा असा की, नागपूर-मुंबई अंतर दीड तासावर आले त्याच काळात यवतमाळ-मूर्तिजापूर अंतर कमी झाले नाही. एक शहर दुसऱ्या शहराच्या जवळ सरकते तेव्हा मधली गावे आपोआप जवळ सरकत नाहीत. कित्येकदा ती आहे तेथेच राहतात, आणि म्हणून तुलनेने लांब जातात.

आता त्या दीड तासाकडे वळू. जेट विमान उंचावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. त्या हिशेबाने ६८५ किलोमीटरला एक तासही लागू नये. मग वेळापत्रकात दीड तास का लिहितात? कारण वेळापत्रकातली वेळ नुसती उडण्याची नसते. विमान आपल्या जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि मुंबईत ते आपल्या जागी उभे राहिले की थांबते. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, चढणे, उतरणे हे सर्व त्यात आले. मुंबईच्या या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालीत आपल्या पाळीची वाट पाहावी लागते. हिवाळ्यात उंचावरून पश्चिमेचे वारे वाहतात, ते मुंबईहून येणाऱ्या विमानाला पाठीमागून ढकलतात व जाणाऱ्याला समोरून अडवतात. म्हणजे येण्याचे अंतर आणि जाण्याचे अंतर हेही वेळेच्या मापाने अगदी सारखे नसते!

विमानात बसण्याचा योग मला अद्याप आलेला नाही. आमच्या गावात तो कोणालाच आलेला नाही. परंतु हिशेब करावयास विमानात बसण्याची गरज नसते. मी आमच्या गावापासून हिशेब मांडून पाहिला. सकाळची एस.टी. तालुक्याला पाऊण तासात पोचवते. तेथे अर्धा तास वाट पाहावी लागते. यवतमाळ एक तास, पुन्हा अर्धा तास थांबणे. यवतमाळ ते नागपूर साडेतीन तास. नागपूरच्या बसस्थानकावरून विमानतळ पाऊण तास. विमानतळावर दोन तास आधी जावे लागते. मग तो सुप्रसिद्ध दीड तास. मुंबईत उतरून सामान घेऊन परळला किंवा फोर्टात पोचावयास आणखी दीड तास. बेरीज बारा तास होते. आता रेल्वेचा हिशेब. यवतमाळपर्यंत तेवढाच वेळ, तेथून थांबणे धरून धामणगाव स्टेशन दोन तास, गाडीची वाट एक तास, रात्रीचा प्रवास साडेबारा तास, शेवटी अर्धा तास. बेरीज अठरा तासांच्या थोडी वर जाते.

कागदावर विमान दीड तास आणि आगगाडी चौदा तास. आमच्या उंबरठ्यावरून विमान बारा तास आणि आगगाडी अठरा तास. कागदावर नऊपट वाटणारा फरक उंबरठ्यावर दीडपट उरतो. बारा तासांतील साडेदहा तास जमिनीवरच जातात, आणि त्या साडेदहा तासांतला एकही तास कमी करण्याचे काम विमान करीत नाही. ते काम एस.टी.चे आहे, रस्त्याचे आहे, आणि सर्वांत अधिक, एका गाडीचा दुसऱ्या गाडीशी मेळ घालणाऱ्या माणसाचे आहे.

हा झाला वेळेचा हिशेब. पैशाचा हिशेब याहून बोलका आहे. आमच्या घरी पैसा रुपयांत मोजण्याआधी कापसात मोजतात. माझी आई दुसऱ्याच्या शेतात दिवसभर वेचणी करून तीसेक किलो कापूस वेचते आणि किलोमागे दहा रुपये मिळवते. म्हणजे तीनशे रुपये रोज. रेल्वेच्या स्लीपरचे तिकीट चारशे-साडेचारशे रुपयांना पडते. म्हणजे दीड दिवसाची वेचणी. विमानाचे तिकीट दोन महिने आधी काढले तर स्वस्त मिळते असे म्हणतात. परंतु गरिबाला दोन महिने आधी प्रवास ठाऊक नसतो. त्याचा प्रवास दुखणे, मयत किंवा नोकरीचे बोलावणे यांनी ठरतो. ऐनवेळचे तिकीट पाच-सहा हजारांवर जाते. पाच हजार चारशे धरले तरी अठरा दिवसांची वेचणी झाली. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या एका क्विंटल कापसाचा हमीभाव ७५२१ रुपये होता. नांगरणीपासून वेचणीपर्यंत सारे कष्ट पोटात घेतलेल्या त्या क्विंटलात मुंबईचे जाणे-येणेही होत नाही!

म्हणून आईच्या मापाने नागपूर-मुंबई अंतर दीड तास नाही. ते अठरा दिवस आणि दीड तास आहे. आगगाडीचे अंतर दीड दिवस आणि एक रात्र आहे. या मापाने पाहिले तर आगगाडी विमानापेक्षा कितीतरी वेगवान ठरते. हा शब्दांचा खेळ आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. प्रवासाला लागणारा वेळ म्हणजे प्रवासात घालवलेला वेळ अधिक त्या प्रवासाचे पैसे मिळवण्यात घालवलेला वेळ, ही बेरीज साध्या अंकगणिताची आहे. ज्याची मिळकत मोठी, त्याला दुसरी रक्कम दिसतच नाही. म्हणून तो पहिलीलाच अंतर म्हणतो. मी घरी हा हिशेब वाचून दाखवला तेव्हा बाबा म्हणाले, "टाइम वाचते हे खरं हाये, पन आपला वाचलेला टाइम कोन इकत घेते?" अर्थशास्त्राच्या पुस्तकात हा प्रश्न मला सापडला नाही. ज्याच्या तासाला बाजारात भाव आहे, त्याने वाचवलेला तास म्हणजे कमाई. ज्याच्या तासाला भाव नाही, त्याने सहा तास वाचवले तर ते स्टेशनच्या बाकावर बसून संपवावे लागतात.

अंतराला आणखी एक माप आहे आणि त्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. आमच्या गावची एक ताई बी.ए. झाली. तिला मुंबईहून नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले. हातात दोन दिवस होते. मुलगा असता तर जनरलच्या डब्यात दाराशी बसून गेला असता, स्टेशनवर तोंड धुऊन मुलाखतीला उभा राहिला असता. ताई एकटी जाऊ शकत नव्हती. तिच्याबरोबर वडील हवेत, म्हणजे दोन तिकिटे, वडिलांची चार दिवसांची मजुरी बुडणार, मुंबईत एक रात्र कोठे काढावयाची हा प्रश्न निराळाच. ताई गेली नाही. ज्यांनी बोलावले त्यांनी 'उमेदवार अनुपस्थित' असा शेरा मारला असेल. तो शेरा नियमाने बरोबरच. पण ती अनुपस्थित का होती, याची नोंद कोठल्याही रकान्यात होत नाही. पुढच्या वर्षी मी बी.ए. होईन. माझ्यासाठी हा केवळ निबंधाचा विषय नाही.

माझ्या मतावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. विमानाने सारे जग जवळ आणले. आज ते काहींचे असेल, उद्या सर्वांचे होईल. आगगाडीही आरंभी साहेबाचीच होती. शिवाय वेग ही नेहमीच चैन नसते. एखाद्या दात्याचे हृदय काढल्यावर ते साधारणतः चार तासांच्या आत दुसऱ्याच्या छातीत बसवावे लागते. तेथे अठरा तासांची आगगाडी काय कामाची? हे मला मान्य आहे. विमान नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. २०१६ साली केंद्र सरकारने 'उडान' योजना आणली, २०१७ च्या एप्रिलमध्ये सिमला-दिल्ली हे तिचे पहिले विमान उडाले, आणि हवाई चप्पल घालणाराही विमानात बसावा असे त्या वेळी सांगितले गेले. साधारण तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांसाठी अडीच हजार रुपयांची मर्यादा त्या योजनेत होती. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला विमान जाऊ लागले, याचा वऱ्हाडातील प्रत्येकाला आनंद आहे आणि मलाही आहे. परंतु अडीच हजार म्हणजेही आठ दिवसांहून अधिक वेचणी होते, हे विसरून चालणार नाही.

आणि वेग सर्वांचा कसा करता येतो याचे उदाहरण आपल्या नागपूरनेच देशाला दाखवलेले आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून चार विमाने रात्री निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या गावी परतत. मद्रासचे पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत पोचे. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने नेण्याची पद्धत सुरू झाली. याचा अर्थ काय, याचा आपण विचार केला आहे का? गरीब माणसाला विमान दिसण्याआधी त्याचे पत्र विमानात बसले होते! शेटजींचे पत्र आणि गिरणीकामगाराने घरी लिहिलेले पत्र एकाच थैलीत, एकाच वेगाने गेले. ही सेवा पुढे बंद झाली. पण तिच्यामागचा विचार जुना झालेला नाही. वेग हा ज्याच्या त्याच्या खिशावर न सोडता सार्वजनिक सोय म्हणून वापरला, तर अंतर खरोखर कमी होते.

हल्ली रस्त्यावरही हाच दीड तासाचा मोह उतरला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला, असे सांगण्यात आले. ज्याच्याजवळ मोटार आहे त्याला तो आला असेलही. पण १ जुलै २०२३ च्या रात्री याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटली आणि २५ माणसे गेली. विदर्भातून पुण्या-मुंबईला नोकरी-शिक्षणासाठी अशा रात्रीच्या बसने कोण जाते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. किती तास वाचले याचा फलक आपण लावतो. वाचलेल्या तासांबरोबर माणूस वाचतो की नाही, हेही त्याच फलकावर लिहिले पाहिजे.

मग करावे काय? मोठे उपाय सुचवण्याचा माझा अधिकार नाही. काही लहान गोष्टी मात्र सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की, कोणताही मार्ग सुरू करताना शहर ते शहर वेळ न सांगता तालुक्याच्या गावापासूनची वेळ सांगावी. आकडा मोठा दिसेल, पण खरा असेल. दुसरी, एस.टी., आगगाडी आणि विमान यांच्या वेळापत्रकांचा एकमेकांशी मेळ असावा. धामणगावला रात्रीची गाडी असते आणि यवतमाळची शेवटची बस तिच्या तासभर आधी पोचते की तासभर नंतर, यावर कित्येकांचा एक अख्खा दिवस अवलंबून असतो. यात रुपयाचाही मोठा खर्च नाही. तिसरी, मुलाखती आणि परीक्षा शक्य तेथे जिल्ह्याच्या ठिकाणी घ्याव्यात. जेथे बोलावणे आवश्यकच आहे, तेथे पंधरा दिवसांची मुदत द्यावी. उमेदवाराला मुंबईस आणण्यापेक्षा मुलाखत घेणाऱ्यांनी नागपूरला येणे सोपे आहे. त्यांना तर दीड तासच लागतो! चौथी, मुंबईत एक रात्र काढू पाहणाऱ्या परगावच्या मुलींसाठी स्वस्त व सुरक्षित निवासाची सोय हवी. माझ्या मते ही एक गोष्ट विदर्भातील मुलींना मुंबई जितकी जवळ आणील, तितकी कोणतीही धावपट्टी आणणार नाही.

१९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरास घेण्याचे ठरले, आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यापासून हिवाळ्यात मुंबई नागपूरला येते. मंत्री येतात, सचिव येतात, फायलींचे गठ्ठे येतात. ते येतात तेव्हा अंतर दीड तासाचे असते. मोर्चे घेऊन त्यांना भेटायला गडचिरोली, वाशीम, यवतमाळहून जी माणसे येतात, त्यांचे अंतर मात्र एक दिवस, दोन दिवसांचे असते. दोन्ही मंडळी एकाच शहरात, एकाच रस्त्यावर समोरासमोर उभी राहतात आणि एकमेकांना फार लांबची वाटतात. याचे कारण एवढेच की, ती निरनिराळ्या मापांनी तेथवर आलेली असतात.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण आपापल्या घरातील पहिलेच महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत. उद्या आपल्यातील काहीजण अधिकारी होतील, काहीजण मुलाखती घेणाऱ्यांच्या खुर्चीत बसतील, काहीजण खिडकीपाशी बसून ढगांवरून मुंबईला जातील. जरूर जावे. पण "नागपूर-मुंबई फक्त दीड तास" असे म्हणताना त्यातील 'फक्त' हा शब्द तेवढा गाळावा. तो शब्द विमानाच्या वेळापत्रकात छापलेला नाही. तो आपण आपल्या पदरचा घालतो. आणि समोरच्या खुर्चीत कोणी यवतमाळची मुलगी अर्धा तास उशिरा येऊन धापा टाकीत बसली, तर तिला घड्याळ दाखवण्यापूर्वी "कोठून निघालीस?" एवढे विचारावे.

(द्वितीय वर्ष, कला शाखा)